श्वासाची आवक, धुळीची जावक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना तासभर उभे राहिलेल्या माणसाने संध्याकाळी नाक शिंकरले, तर रुमालावर पिवळसर डाग उमटतो. लातूरच्या डाळीच्या आडतीत तो डाग करडा असतो, सिमेंटच्या गोदामात राखी असतो, जिनिंगच्या आवारात त्यात कापसाचे बारीक तंतू असतात. व्यापारी घरात वाढलेल्या प्रत्येकाला हा रुमाल परिचयाचा आहे. नाक साफ झाले म्हणजे धूळ गेली, असे समजून आपण तो धुण्यात टाकतो. परंतु नाकाने अडवली तेवढीच धूळ रुमालावर दिसली. जी नाक ओलांडून छातीत उतरली तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही.

फुफ्फुसाची अडचण अशी, की त्याला दार एकच आहे. अन्न पोटात जाण्याची वाट वेगळी आणि तेथून बाहेर पडण्याची वेगळी. घरालादेखील पुढचे दार असते तशी मागे मोरी असते. फुफ्फुसात मात्र ज्या नळीने हवा आत जाते त्याच नळीने ती परत येते, आणि आत साचलेले काही काढून टाकायचे झाल्यास तेही त्याच नळीतून, येणाऱ्या-जाणाऱ्या हवेला अडथळा न करता, काढावे लागते. आवकही थोडीथोडकी नाही. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. वजनात ती बारा किलोच्या आसपास भरते. दिवसभरातील आपले अन्नपाणी त्यापुढे किरकोळ ठरावे. शिवाय अन्न आपण निवडतो, पाखडतो, धुतो. हवा मात्र जशी समोर येईल तशी घ्यावी लागते. तिच्याबरोबर धूळ, धूर, परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू, विषाणू असे सारे काही आत येते. एवढी आवक असलेल्या गोदामाची जावक थांबली तर ते किती दिवसांत भरेल, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. तरीही निरोगी माणसाचे फुफ्फुस सत्तराव्या वर्षी भरून गेलेले नसते, कारण तेथील जावक रात्रंदिवस चालू असते. ती इतकी निःशब्द असते, की बिघडेपर्यंत तिचे अस्तित्वच आपल्याला ठाऊक नसते.

ही जावक कशी चालते ते पाहण्यासाठी प्रथम वाट समजून घेतली पाहिजे. स्वरयंत्राच्या खाली अकरा-बारा सेंटिमीटर लांबीची श्वासनाल असते. तिचे दोन फाटे होतात, त्या फाट्यांचे पुन्हा दोन, आणि असे सुमारे तेवीस वेळा विभाजन होत शेवटी द्राक्षाच्या घडासारखे वायुकोश येतात. त्यांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरात जाते. श्वासनालेपासून बारीक श्वासनलिकांपर्यंतच्या आतील भिंतीला पेशींचे अस्तर आहे, आणि त्यांतील पुष्कळशा पेशींच्या माथ्यावर अतिसूक्ष्म लव उगवलेली असते. एकेका पेशीवर सुमारे दोनशे केसले. प्रत्येकाची लांबी सहा-सात मायक्रॉन, म्हणजे असे दहा केसले टोकाला टोक लावून मांडले तरी आपल्या डोक्याच्या एका केसाची जाडी जेमतेम भरेल. शास्त्रीय मराठीत त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. पक्ष्म म्हणजे पापणीचा केस. युरोपीय वैद्यकात रूढ असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थही पापणीच होतो. दोन्हीकडच्या शब्दकर्त्यांना एकच साम्य सुचावे, हे मोठे मनोज्ञ वाटते.

पक्ष्माभिका पहिल्यांदा पाहणारा मनुष्य व्यापारीच होता, याचा येथे उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा आंतोनी व्हान लेव्हेनहूक हा कापडाचा दुकानदार. कापडाचा पोत तपासण्यासाठी त्या काळचे कापडवाले भिंग वापरीत. याला भिंगांचाच नाद लागला. मिरी तिखट का लागते, तिच्या कणांना काही अणकुचीदार टोके असतात की काय, हे पाहण्यासाठी त्याने मिरी पाण्यात भिजत घातली आणि काही दिवसांनी त्या पाण्याचा थेंब भिंगाखाली धरला. टोके काही सापडली नाहीत. सापडले ते सूक्ष्म जीव, आणि त्यांतील काहींच्या अंगाला इवलेसे, झपाट्याने हलणारे पाय. १६७६ मध्ये त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवले. हे पाय म्हणजेच पक्ष्माभिका. पाण्यातील क्षुद्र जीव ज्या साधनाने पोहतो तेच साधन सस्तन प्राण्यांच्या शरीरातही आहे, हे दाखवायला मात्र आणखी दीडशे वर्षे जावी लागली. ब्रेस्लाऊ येथील पुर्किन्ये आणि व्हॅलेन्टिन यांनी ते १८३४ मध्ये दाखवले. फरक इतकाच, की पाण्यातील जीव या वल्ह्यांनी स्वतः पुढे सरकतो, तर आपल्या श्वासनलिकेत वल्हे जागेवर राहते आणि वरचा थर पुढे सरकतो.

हा थर म्हणजे ज्याला आपण कफ म्हणतो तो. केसलेवाल्या पेशींच्या अधूनमधून चषकाच्या आकाराच्या पेशी असतात आणि अस्तराखाली छोट्या ग्रंथी असतात. त्या दोघी मिळून हा पदार्थ निर्माण करतात. त्यात सुमारे ९७ टक्के पाणी असते. उरलेल्यात थोडे क्षार, थोडी प्रथिने आणि म्युसिन नावाचे लांबलचक रेणू. पाण्यात फुगलेल्या या रेणूंचे जाळे बनते आणि त्यामुळे कफाला चिकटपणा व लवचिकपणा येतो. आत आलेला धुळीचा कण वळणावर भिंतीला आपटतो, या जाळ्यात रुततो आणि अडकतो. जाळ्यात जंतूंना मारक ठरणारी प्रथिनेही असतात. म्हणजे ज्या पदार्थाकडे आपण घाण म्हणून पाहतो, तो वस्तुतः घाण उचलून नेणारा पट्टा आहे. धान्याच्या गिरणीत माल वर चढवणारा पट्टा पाहिलेला असेल, त्याच जातीचा. फरक एवढाच की हा पट्टा प्रत्येक क्षणी नव्याने विणला जातो.

पट्टा ओढण्याचे काम पक्ष्माभिका करतात, आणि त्यांची ओढण्याची रीत मोठी विचारपूर्वक घडवल्यासारखी आहे. जोराच्या फटक्यात केसले ताठ उभे राहते, त्याचे टोक वरच्या कफाच्या थराला लागते आणि तो थर घशाच्या दिशेने रेटला जातो. परतताना ते वाकते, भिंतीलगत आडवे होऊन खालच्या पातळ पाण्यातून सरकत मागे येते, म्हणजे कफ उलटा ओढला जात नाही. असे सेकंदाला दहा ते पंधरा वेळा. दिवसाचा हिशेब मांडला तर एकेका केसल्याचे दहा लाखांच्या आसपास फटके होतात. ती सगळी एकदम हलत नाहीत. एकीच्या मागोमाग शेजारची, तिच्या मागोमाग तिच्या शेजारची अशी लाट उठत जाते. उभ्या पिकावरून वारा गेला म्हणजे शेतात जशी लाट धावते, तशी ती सूक्ष्मदर्शकातून दिसते. प्रत्येक केसल्याच्या आत नऊ जोडनळ्यांचे वर्तुळ आणि मध्ये दोन एकेरी नळ्या असतात. डायनीन नावाची प्रथिने या जोडनळ्यांना एकमेकींवरून घसरवतात आणि त्यातून वाक निर्माण होतो. हे डायनीन लक्षात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

येथे एक बारकावा आहे आणि सगळे काही त्यावर अवलंबून आहे. केसली कफात रुतली तर ती हलूच शकणार नाहीत. चिखलात रुतलेले वल्हे काय कामाचे? म्हणून कफाचा थर वर तरंगता राहिला पाहिजे आणि खाली केसल्याच्या उंचीइतकीच पातळ द्रवाची जागा मोकळी राहिली पाहिजे. वर दाट आणि खाली पातळ असे दोन थर असतात, हे १९३४ मध्ये लुकास आणि डग्लस यांनी मांडले. पण मग वरचा थर खाली का मिसळत नाही, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की केसल्यांच्या अंगालाच रेणूंचे दाट ब्रशासारखे आवरण असते आणि ते वरच्या जाळ्याला आत शिरू देत नाही. कफात पुरेसे पाणी असेल तोवर हे आवरण टिकते. पाणी कमी होऊन कफ दाट झाला, की तो उलट आवरणातीलच पाणी शोषून घेतो, केसली दाबली जातात आणि पट्टा थांबतो. छातीच्या पुष्कळ दुखण्यांची मुळे या एका वाक्यात आहेत.

पट्ट्याचा वेग किती? श्वासनालेत तो मिनिटाला साधारण पाच मिलिमीटर धरावा. म्हणजे श्वासनालेच्या तळाशी अडकलेला कण वीस-पंचवीस मिनिटांत स्वरयंत्रापाशी पोहोचतो. अगदी बारीक नलिकांतून निघालेल्या कणाला काही तास लागतात. फुफ्फुसातून कफ वर चढतो, नाकातून तो मागे घशाकडे येतो. दोन्ही प्रवाह घशात मिळतात आणि आपण नकळत गिळून टाकतो. पुढचे काम जठरातील आम्ल करते. नाकातील प्रवाह मोजण्याची एक जुनी, सोपी चाचणी कान-नाक-घसा तज्ज्ञ आजही करतात. सॅकरिनचा एक कण नाकपुडीत पुढच्या बाजूला ठेवायचा आणि जिभेला गोड कधी लागते ते घड्याळावर पाहायचे. निरोगी नाकात दहा-वीस मिनिटांत गोडी जाणवते. गालामागील पोकळीची रचना तर आणखी चमत्कारिक आहे. तिचे तोंड तळाशी नसून वरच्या बाजूला आहे, आणि तरीही केसली तेथील स्राव चढण चढवून बरोबर त्या तोंडाकडेच नेतात.

या व्यवस्थेला एक सीमा आहे. लव वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. तेथे प्राणवायू रक्तात जायचा असतो. चिकट थर असता तर तोच आड आला असता. दहा मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण नाकात व घशात अडतात, त्याहून लहान कण नलिकांत. पण दोन-अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण थेट वायुकोशांत उतरतात. तेथे महाभक्षी पेशी त्यांना गिळतात आणि जमल्यास पट्ट्यापर्यंत आणून सोडतात. सिलिकाचा, म्हणजे दगडातील गारेचा, कण मात्र त्या पेशीलाच मारून टाकतो. पेशी मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. त्या जागी हळूहळू व्रणासारखी गाठ बनते. खंभातचे अकीक घासणारे कारागीर आणि मंदसौरचे पाटीच्या पेन्सिली कापणारे मजूर यांची फुफ्फुसे अशाच प्रकारे गेली. दागिन्यातला अकीक हाती घेताना ही गोष्ट ठाऊक असलेली बरी. कापसाच्या धुळीची तऱ्हा निराळी. ती नलिकांना आकसवते, आणि सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. म्हणजे निव्वळ झाडून काढण्याने भागत नाही, अशाही धुळी आहेत.

आता खोकल्याकडे वळू. जिना नीट चालत असेल तर खोकण्याची गरज क्वचितच पडते. (मिरचीच्या आडतीतला ठसका यात धरू नये, तिखटाने तेथील मज्जातंतू चेतवले जातात.) खोकला ही राखीव फौज आहे. पट्टा मंदावला किंवा त्यावर न पेलणारा भार आला, म्हणजे शरीर जोरदार हवेच्या झोताने तो माल उचलून फेकते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा सकाळचा खोकला हे त्याचे ठळक उदाहरण. धुरातील अॅक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड, हायड्रोजन सायनाइड यांसारखी द्रव्ये केसल्यांना आधी मंद करतात, पुढे मारतात. केसलेवाल्या पेशी कमी होत जातात, त्यांच्या जागी चपट्या, टक्कल पडलेल्या पेशी येतात आणि कफ बनवणाऱ्या पेशी मात्र वाढतात. माल वाढला आणि पट्टा तुटला! झोपेत निरोगी माणसाचाही पट्टा मंद चालतो आणि खोकल्याची उबळही दबलेली असते. म्हणून रात्रभर साचलेले सकाळी एकदम वर येते. हे गृहस्थ ते सवयीचे समजतात. घरचेही समजतात. त्यांच्या खोकण्यावरून सकाळ झाली हे शेजाऱ्यांना कळते, असा विनोदही होतो. वस्तुतः ज्याचा जिना तुटला त्याने तो माल हातांनी उचलून बाहेर टाकण्याचा तो प्रकार आहे.

धूम्रपान सोडल्यावर लव बऱ्याच अंशी पुन्हा उगवते. त्याला काही आठवडे ते काही महिने लागतात. या काळात एखाद्याचा खोकला आधीपेक्षा वाढलेला दिसतो. पट्टा पुन्हा चालू होऊन साचलेला माल वर येऊ लागल्याचे ते लक्षण असू शकते. विडी सोडली आणि खोकला वाढला, मग ओढत होतो तेच बरे, असे म्हणून पुष्कळ जण येथेच माघार घेतात. घरातील मंडळींना हे आधी ठाऊक असेल तर त्या माणसाला धीर देता येतो.

आणि काही मुलांच्या वाट्याला तर जन्मतःच न चालणारा जिना येतो. त्यांची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण अशी मुले ओळखली जायला वर्षानुवर्षे लागतात. झ्युरिकच्या मानेस कार्तागेनर या वैद्याने १९३३ मध्ये चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. तिघा-चौघांचा योगायोग म्हणून सोडून द्यावे असे ते नव्हते. या सर्वांना सतत सर्दी व सायनसचा त्रास, श्वासनलिका रुंदावून पूने भरलेल्या, आणि हृदय डावीकडे असण्याऐवजी उजवीकडे. छातीचा कफ आणि हृदयाची बाजू यांचा काय संबंध, हे चाळीस वर्षे कोणालाच उलगडले नाही. मग स्वीडनमध्ये ब्योर्न अफझेलियस या संशोधकाकडे, अपत्यप्राप्ती होत नसल्याने तपासणीला आलेल्या काही पुरुषांचे शुक्रजंतू आले. ते जिवंत होते, पण हलत नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या शेपटीत डायनीनच्या भुजाच दिसल्या नाहीत. शुक्रजंतूची शेपटी आणि श्वासनलिकेतील लव यांची घडण एकच. अफझेलियसने विचारपूस केली तेव्हा या पुरुषांना लहानपणापासून खोकला आणि सायनसचा विकार असल्याचे निघाले, आणि काहींचे हृदय उजवीकडे होते. १९७६ मध्ये त्याने ही हकीकत प्रसिद्ध केली. गर्भात हृदयाची बाजू ठरवण्याचे कामही केसलीच करत असावीत, हा तर्क त्याने बोलून दाखवला. त्याला पुरावा मिळाला तो १९९८ मध्ये जपानमध्ये. उंदराच्या अगदी कोवळ्या गर्भावर एका छोट्या खळग्यात केसली भोवऱ्यासारखी फिरून द्रवाचा प्रवाह डावीकडे वळवतात, आणि त्यावरून शरीराला डावे-उजवे कळते, हे तेथील संशोधकांनी प्रत्यक्ष पाहिले. केसली थंड असतील तर बाजू नशिबावर ठरते. म्हणूनच या विकाराच्या साधारण निम्म्याच रुग्णांचे हृदय उजवीकडे असते. उरलेल्या निम्म्यांचे योगायोगाने जागच्या जागी असते, आणि नेमके तेच निदानातून निसटतात.

असे मूल घरात कसे दिसते? पूर्ण दिवसांचे, वजनाने चांगले बाळ जन्मल्यानंतर दुसऱ्याच दिवशी धापा टाकू लागते आणि त्याला प्राणवायू द्यावा लागतो. त्याचे नाक जन्मापासून बाराही महिने वाहते. उन्हाळा-पावसाळा असा भेद नसतो. खोकला ओला असतो, रोज असतो, आणि अँटिबायोटिकने दबला तरी काही दिवसांत परततो. कान वारंवार भरतात आणि ऐकू कमी येते. कोणी सांगतो दमा, कोणी अॅलर्जी, आजी म्हणतात थंड खाण्याने होते, सूनबाईंवर हलगर्जीपणाचा ठपका येतो. मधल्या काळात साचलेल्या कफात जंतू घर करतात आणि नलिकांच्या भिंती कायमच्या सैल होतात. ओला खोकला सलग चार आठवडे टिकला तर मुलाला छातीच्या आजारांची जाण असलेल्या बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे आणि जन्माच्या वेळची कागदपत्रे बरोबर ठेवावीत. नाकातील नायट्रिक ऑक्साइड वायू मोजणे, केसल्यांची हालचाल चित्रित करणे, जनुकतपासणी अशा चाचण्या मोठ्या शहरांतील काही केंद्रांत होतात. विकार समूळ जात नाही. परंतु रोजचा श्वासाचा व्यायाम, छाती मोकळी करण्याची फिजिओथेरपी, धावणे-खेळणे आणि जंतुसंसर्गावर वेळीच उपचार एवढ्याने नलिका पुष्कळ काळ वाचवता येतात. जिना चालत नाही, म्हणून माल रोज हाताने वर आणायचा, इतकी ती सरळ गोष्ट आहे.

हा विकार आनुवंशिक आहे. त्याला कारण होणारी पन्नासहून अधिक जनुके आता माहीत आहेत, आणि बहुतेक वेळा आई-वडील दोघांकडून सदोष प्रत आली तरच तो प्रकट होतो. तशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक असते. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत अनेक समाजांत आहे, आपल्यातही. नात्यातल्या घरात दोघांकडे तीच सदोष प्रत असण्याचा संभव वाढतो. रूढीचा अवमान करण्याचा येथे हेतू नाही. पण ज्या घरात असे एक मूल आहे त्या घराने पुढच्या सोयरिकीपूर्वी जनुक-सल्लागाराला विचारावे, हे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते.

दुसऱ्या एका आनुवंशिक विकारात केसली धडधाकट असतात, परंतु कफाला पाणी मिळत नाही. सिस्टिक फायब्रोसिस हे त्याचे नाव. पेशीतून क्षार बाहेर सोडणारे दार बिघडलेले असते. क्षार नाही म्हणून पाणी नाही, आणि कफ डिंकासारखा होतो. बाळाचा घाम खारट लागणे ही त्याची प्रसिद्ध खूण. भारतात हा आजार नाहीच, अशी समजूत पूर्वी होती. ती चुकीची होती. याचे जनुक १९८९ मध्ये सापडले. ऑस्ट्रेलियात समुद्राच्या लाटांवर फळीने स्वार होणाऱ्या काही तरुण रुग्णांची फुफ्फुसे इतरांपेक्षा बरी राहतात, असे तेथील डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यावरून तीव्र खाऱ्या पाण्याची वाफारणी योजली गेली आणि २००६ मध्ये तिचा उपयोग चाचण्यांत सिद्ध झाला.

घरगुती उपायांविषयी थोडे. गरम पाणी घोटघोट पिण्याने नाकातील कफाचा वेग वाढतो हे १९७८ मध्ये अमेरिकेत मोजून पाहिलेले आहे. मिनिटाला सहा मिलिमीटरवरून तो आठच्या पुढे गेला आणि थंड पाण्याने उलट घटला. गरम पाण्याचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला, हेही त्याच प्रयोगात दिसले. आपल्यापैकी ज्या घरांत पाणी उकळून पिण्याची रीत आहे, त्यांनी ते कोमट असतानाच प्यावे, एवढा बोध त्यातून घेता येईल. त्याहून मोठा दावा करू नये. वाफेने बरे वाटते, पण लहान मुलांना उकळत्या पातेल्यासमोर बसवणे धोक्याचे आहे. भाजण्याचे प्रसंग घडतात. आणि ओला खोकला दाबण्याचे औषध मनानेच घेऊ नये. जिना मंदावलेला असताना राखीव फौजेलाही झोपवणे असा त्याचा अर्थ होतो. मुलांच्या बाबतीत तर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे, की दोन वर्षांखालील बालकांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे देण्याजोगी नाहीत. प्रौढाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. कफातून रक्त आले तर दोन आठवडेही थांबू नये.

राहिले दुकान आणि गोदाम. सकाळी कोरडा झाडू मारून रात्रीची बसलेली धूळ पुन्हा हवेत उडवण्यापेक्षा फरशी ओल्या फडक्याने पुसावी किंवा आधी पाणी शिंपडावे. बंद केबिनमध्ये डासांची कॉइल जाळू नये. उपरण्याने नाक बांधले तर जाड धूळ अडते, बारीक नाही. त्यासाठी एन-९५ जातीचा मास्क लागतो. पण गादीवर बसणाऱ्या शेठजींच्या छातीत जाते त्याच्या कितीतरी पट धूळ पोती रिकामी करणाऱ्या हमालाच्या आणि दिवसभर चाळणी मारणाऱ्या बायकांच्या छातीत जाते, आणि मास्कचा विषय निघाला की तो बहुधा काउंटरपाशीच थांबतो. ओझे उचलताना मास्कमध्ये गुदमरते, ही हमालाची तक्रार खरी असते. श्रमात श्वास दुप्पट-तिप्पट लागतो. म्हणून धूळ जेथे उडते तेथेच ती ओढून घेणारा पंखा बसवणे हा अधिक कामाचा उपाय आहे. तो बसवताना एवढे पाहावे, की चाळणारी बाई पंखा आणि धूळ यांच्या मध्ये येऊ नये. धूळ तिच्या तोंडावरून न जाता तिच्यासमोरून दूर ओढली गेली पाहिजे. पुष्कळ गोदामांत पंखा तिच्या पाठीमागच्या भिंतीत बसवलेला असतो.